"स्पीड, सर" : कॉकपिटमध्ये को-पायलटचं बोलणं नेमकं कुठे अडतं?

उजवी_सीट

गेली सात वर्षं मी उजव्या सीटवर बसतो, म्हणजे को-पायलट आहे. कंपनी कुठली, विमानतळ कुठला हे लिहिणार नाही, त्याची गरजही नाही. एक रात्र मात्र लिहितो, कारण ती अजून डोक्यातून गेलेली नाही.

दिवसातलं चौथं आणि शेवटचं उड्डाण. जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरने आम्हाला बराच वेळ वरच ठेवलं आणि मग एकदम खाली यायला सांगितलं. वारा थोडा पाठीमागून. विमान कॅप्टन चालवत होते, मी मॉनिटरिंगला, म्हणजे आकड्यांवर नजर ठेवून सांगायला. नियम साधा आहे. धावपट्टीच्या वर १००० फुटांवर येईपर्यंत विमान 'स्टेबल' झालेलं असलं पाहिजे : वेग ठरलेला, चाकं आणि फ्लॅप (कमी वेगात विमान तोलून धरणारे पंखांचे मागचे पट्टे) उतरलेले, खाली येण्याचा दर आवाक्यात. नसेल तर उतरायचं नाही. इंजिनांना ताकद द्यायची आणि परत वर जायचं, म्हणजेच गो-अराउंड. १००० फुटांवर आमचा वेग हवा त्याहून २८ नॉट (ताशी सुमारे ५२ किलोमीटर) जास्त होता, खाली येण्याचा दर मिनिटाला १५०० फुटांच्या घरात आणि फ्लॅपचा शेवटचा टप्पा बाकी.

मी म्हणालो, "स्पीड, सर."

उत्तर आलं नाही. ५०० फुटांवर मी उंची पुकारली, "फाइव्ह हंड्रेड." त्याच्यापुढचा शब्द "अनस्टेबल" असायला हवा होता. तो ओठांपर्यंत आला आणि तिथेच राहिला. वेग तेव्हाही १७ नॉट जास्त. चाकं टेकली ती बरीच पुढे. ब्रेक असे लागले की खांद्याचे पट्टे रुतले. अगदी शेवटच्या टॅक्सीवेने बाहेर पडलो. विमान उभं केल्यावर स्क्रीनवर ब्रेकचं तापमान चढत चढत ५०० अंशांच्या वर गेलं आणि आम्ही दोघं त्या आकड्यांकडे बघत बसलो.

हॉटेलकडे जाताना गाडीत कॅप्टन म्हणाले, "शेवटी शेवटी तू काही म्हणालास का रे? मला ऐकूच आलं नाही."

ते खोटं बोलत नव्हते. अंगावर ओरडणारा हा माणूसच नाही. माझे वडील आजारी होते तेव्हा दर दोन दिवसांनी फोन करून चौकशी करायचे. मला त्यांची भीती नव्हती, नियम पाठ होता, सिम्युलेटरमध्ये तो शब्द शेकडो वेळा उच्चारला आहे. मग तो अडला कुठे? इथे या क्षेत्रातली आणि बाहेरचीही माणसं आहेत. मोकळेपणाने लिहा.


भटका_वाचक

मी साधा प्रवासी. प्रश्न बाळबोध वाटेल, पण मनात आलाच. कॅप्टन चुकतोय हे दिसत होतं तर तुम्ही कंट्रोल हातात का घेतले नाहीत? दोन पायलट त्यासाठीच असतात ना?


उजवी_सीट

@भटका_वाचक, प्रश्न बाळबोध नाही. जमिनीपासून काहीशे फुटांवर दोघांनी एकाच वेळी विमान चालवायला घेतलं तर त्यातून नवा धोका उभा राहतो. एकाचा हात खाली ओढतोय, दुसऱ्याचा वर. म्हणून "आय हॅव कंट्रोल" म्हणून विमान ताब्यात घेणं ही अगदी शेवटची पायरी. त्याच्या आधीच्या पायऱ्या सगळ्या तोंडाने चढायच्या असतात. मी पहिलीवरच थांबलो.


जुना_कप्तान

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नोकरीतली शेवटची एकोणीस वर्षं डाव्या सीटवर, म्हणजे कॅप्टन म्हणून गेली.

उजवी_सीट, तुम्ही गप्प राहिलात असं मला वाटत नाही. "स्पीड, सर" हे बोलणंच आहे. पण समोरच्याला काहीच करायला न लावणारं बोलणं आहे. प्रत्येक उड्डाणात कॅप्टन तो शब्द दोन-चारदा ऐकतो आणि दर वेळी दोन-चार नॉटची दुरुस्ती करून पुढे जातो. त्या रात्री गोष्ट २८ नॉटची होती, शब्द मात्र नेहमीचाच आला. त्यांच्या कानाने तो नेहमीच्या आवाजांत टाकून दिला.

टेनेरिफचा अपघात सगळ्यांना ऐकून माहीत असतो, पण त्यातली मधली काही वाक्यं फार कमी लोक नीट वाचतात. २७ मार्च १९७७. स्पेनच्या ग्रॅन कॅनरिया बेटाच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून विमानं शेजारच्या टेनेरिफ बेटावरच्या लहान लॉस रोडिओसवर वळवलेली. दाट धुकं. केएलएम आणि पॅन अ‍ॅम यांची दोन बोइंग ७४७ एकाच धावपट्टीवर. केएलएमचे कॅप्टन कंपनीत ७४७ च्या प्रशिक्षणाचे प्रमुख, कंपनीच्या जाहिरातींत त्यांचा फोटो. त्यांनी थ्रॉटल, म्हणजे इंजिनांची ताकद वाढवणारे दांडे, पुढे सरकवले तेव्हा को-पायलटने थांबवलं, अजून परवानगी मिळालेली नाही म्हणाला. कॅप्टननी ऐकलं आणि त्याला परवानगी मागायला सांगितलं. मिळाली ती उड्डाणानंतरच्या मार्गाची. टेकऑफची नव्हे. को-पायलट ती मार्गाची परवानगी परत वाचून दाखवत असतानाच कॅप्टननी पुन्हा थ्रॉटल पुढे केले. या वेळी को-पायलट थांबवायला गेला नाही.

माझ्या मते सगळं इथे आहे. माणूस वरिष्ठाला एकदा टोकतो आणि त्याची ती शिल्लक संपते. मिनिटभरात दुसऱ्यांदा टोकणं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. त्यात त्याच्यासमोर खुद्द त्याला शिकवणारा माणूस बसलेला.

मग विमान धावू लागल्यावर कॉकपिटमधल्या तिसऱ्या माणसाने, फ्लाइट इंजिनियरने विचारलं, तो बाहेर पडला नाही का मग? कॅप्टन म्हणाले, काय म्हणतोस? त्याने पुन्हा विचारलं, ते पॅन अ‍ॅम बाहेर पडलं नाही का? कॅप्टन ठामपणे, पडलं की. विषय संपला. ५८३ माणसं गेली. दोन्ही वेळा त्या इंजिनियरने प्रश्नच विचारला होता. प्रश्नाला "हो" म्हणून मिटवता येतं. "थांबा" या शब्दाला तसं मिटवता येत नाही.


सिम_मास्तर

जुना_कप्तान यांच्याशी पूर्ण सहमत. मी सिम्युलेटरवर शिकवतो, म्हणून "ऐकूच आलं नाही" याबद्दल थोडं लिहितो.

हे बहाणे नसतात. डोकं एका कामात पूर्ण गुंतलं की कान आवाज घेतात, पण मेंदू तो पुढे पाठवत नाही. सिम्युलेटरमध्ये मी हे दर महिन्याला बघतो. धोक्याची घंटा अर्धा मिनिट वाजत असते, नंतर विचारलं तर अनुभवी माणूस प्रामाणिकपणे म्हणतो, कुठली घंटा? रेकॉर्डिंग लावून दाखवलं की चेहरा पडतो.

म्हणूनच दोन हाकांचा नियम आला. नियमापासून विमान ढळलं की एकदा सांगायचं. प्रतिसाद आला नाही किंवा दुरुस्ती झाली नाही तर दुसऱ्यांदा सांगायचं. तरीही काही नाही, तर समोरचा माणूस काम करण्याच्या अवस्थेत नाही असं धरून विमान ताब्यात घ्यायचं. त्याला झटका आलाय की तो नुसता गुंतलाय, याचा निवाडा करत बसायचं नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिम्युलेटरमध्ये एक प्रयोग झाला होता. उतरताना कॅप्टनने काही न सांगता गपचूप हातपाय गाळायचे आणि को-पायलट काय करतो ते बघायचं. साधारण चौथ्या हिश्शाच्या वेळी विमान जमिनीवर आपटलं. शेजारी बसलेला माणूस धडधाकट आणि शिकलेला होता. कॅप्टन काहीतरी करतीलच, असं समजून तो वाट बघत राहिला.

शब्दाचं वजन किती असतं याचं आणखी एक उदाहरण देतो. २५ जानेवारी १९९०, एव्हिआंका कंपनीचं ५२ क्रमांकाचं उड्डाण, न्यूयॉर्कच्या आकाशात घिरट्या घालून घालून इंधन संपत आलेलं. कॅप्टन को-पायलटला बजावतात, त्यांना सांग आपण इमर्जन्सीत आहोत. को-पायलट रेडिओवर सांगतो, आमचं इंधन संपत आलंय. कॅप्टन पुन्हा विचारतात, सांगितलंस का? तो म्हणतो, सांगितलं. त्याच्या मनाने तो खरंच बोलत होता. पण "मेडे" (जिवावरच्या संकटाची ठरलेली हाक) किंवा "इमर्जन्सी" हा शब्द कंट्रोलरच्या कानावर एकदाही पडला नाही, आणि कंट्रोलरच्या दृष्टीने त्या संध्याकाळी सगळ्यांचंच इंधन कमी होत होतं. विमान कोसळलं, १५८ पैकी ७३ जण गेले. टाक्या कोरड्या होत्या म्हणून आगसुद्धा लागली नाही.

मी मुलांना चार पायऱ्या घोकून घेतो. आधी विचारा, मग जे दिसतंय ते आकड्यासकट सांगा, मग हे सुरक्षित नाही असं तोंडावर म्हणा आणि शेवटी थांबवा. "कॅप्टन" म्हणून हाक मारून सुरुवात करायची, कारण स्वतःला मारलेली हाक गुंतलेल्या कानातही शिरते. आणि पायऱ्या चढायला वेळ असेल तरच चढायच्या. ५०० फुटांवर थेट शेवटची.


गॅलीतून

मी केबिन क्रूमध्ये बारा वर्षं आहे. कॉकपिटच्या बंद दाराच्या अलीकडे आम्ही असतो हे या चर्चेत नेहमी राहून जातं, म्हणून लिहिते.

८ जानेवारी १९८९, इंग्लंडमधलं केगवर्थ. बोइंग ७३७-४०० च्या डाव्या इंजिनात पंख्याचं पातं तुटलं. कॉकपिटमध्ये हादरे आणि धूर. पायलटांनी उजवं, म्हणजे चांगलं इंजिन बंद केलं. कॅप्टननी प्रवाशांना घोषणा करून सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड होता, ते आता बंद केलंय. मागे बसलेल्या कितीतरी प्रवाशांनी डाव्या इंजिनातून ठिणग्या आणि ज्वाळा बघितल्या होत्या. मागच्या क्रूनेही बघितल्या होत्या. घोषणेतली डावी-उजवी गल्लत काही प्रवाशांना जाणवलीसुद्धा. पुढे जाऊन कोणीच सांगितलं नाही. पायलट आहेत, त्यांना माहीत असणार. ४७ जण गेले.

त्याच वर्षी मार्चमध्ये कॅनडात ड्रायडन. पंखांवर ओला बर्फ साचतोय हे एअर होस्टेसला खिडकीतून दिसत होतं. प्रवाशांमध्ये दोन पायलट बसले होते, त्यांनाही दिसत होतं. एकानेही कॉकपिटला कळवलं नाही. विमान उडालं आणि धावपट्टीच्या पलीकडे झाडांत कोसळलं. ६९ पैकी २४ गेले. ती एअर होस्टेस वाचली आणि पुढे चौकशीत तिने साक्ष दिली. असल्या बाबतीत पायलटांकडे जायचं नाही असंच तिथलं वातावरण होतं.

मी नवीन होते तेव्हा आम्हाला शिकवलं होतं की १०,००० फुटांखाली कॉकपिटला त्रास द्यायचा नाही. नियम बरोबरच आहे, गप्पा आणि चहासाठी. पण तो डोक्यात असा बसतो की त्याला अपवाद आहे हेच विसरायला होतं. एकदा चढताना मागच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, जळका वास आला. धूर नाही, काही नाही, नुसता वास. इंटरकॉमचा हँडसेट हातात धरून मी उभी. आत्ता करू की दहा हजार होऊ दे? माझ्या सिनियर ताईंनी हँडसेट माझ्या हातातून घेतलाच नाही. नुसतं म्हणाल्या, "तुला आला ना वास? मग तूच सांग." मी सांगितलं. ओव्हनमध्ये प्लास्टिकचा तुकडा चिकटून जळत होता, एवढंच निघालं. उतरल्यावर कॅप्टन मुद्दाम मागे आले आणि म्हणाले, "ओव्हन होता हे तुला आधी माहीत नव्हतं. असंच सांगत जा." त्या एका वाक्यामुळे मी पुढची दहा वर्षं न घाबरता फोन उचलते आहे.


भटका_वाचक

गॅलीतून ताई, केगवर्थचं वाचून काटा आला. मी खिडकीशी बसलेला असतो आणि मला ज्वाळा दिसल्या असत्या, तर मीही "त्यांना माहीत असेल" म्हणून गप्पच बसलो असतो. आता बसणार नाही.


स्पष्टवक्ता

थोडं वेगळं मत मांडतो. मी विमानात नाही, पण मोठ्या जहाजांवर काम केलंय. सगळ्यांनी बोलावं हे ऐकायला छान वाटतं. आणीबाणीत मात्र एकच माणूस ठरवणारा हवा. पाच जणांची मतं घेत बसलं तर वेळ संपतो. हडसन नदीवर विमान उतरवलं त्या कॅप्टनने कुठे बैठक घेतली होती?


सिम_मास्तर

@स्पष्टवक्ता, ठरवणारा एकच, यावर इथे कोणाचंच दुमत नसावं. पण तुम्ही दिलेलं उदाहरणच बघा. १५ जानेवारी २००९, पक्षी शिरून दोन्ही इंजिनं गेली. पाण्यावर टेकेपर्यंत साडेतीन मिनिटं. कॅप्टन सलेनबर्गर यांनी "माय एअरक्राफ्ट" म्हणून विमान हातात घेतलं, को-पायलट स्काइल्स यांनी इंजिन चालू करायची चेकलिस्ट काढली. आणि पाणी समोर आलेलं असताना सलेनबर्गर विचारतात, काही सुचतंय का? स्काइल्स म्हणतात, खरं तर नाही. दोन सेकंदांत आटोपलं, पण दार उघडं होतं. काही सुचलं असतं तर ते बोललं गेलं असतं. १५५ जण वाचले.

वेळ असेल तर हे आणखी स्पष्ट दिसतं. १९ जुलै १९८९, युनायटेड २३२, डीसी-१०. शेपटातलं इंजिन फुटलं आणि कंट्रोल हलवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. एकही कंट्रोल चालेना. अशा प्रसंगासाठी चेकलिस्टच नव्हती, कारण असं होऊ शकेल असं कुणी धरलंच नव्हतं. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या एका प्रशिक्षक पायलटला पुढे बोलावलं आणि थ्रॉटल त्याच्या हाती दिले. तो गुडघ्यांवर बसून नुसत्या दोन इंजिनांच्या कमी-जास्त ताकदीवर विमान वळवत होता. सू सिटीला धावपट्टीवर ते मोडून पेटलं, ११२ गेले, पण २९६ पैकी १८४ वाचले. हेन्स नंतर आयुष्यभर सांगत राहिले की कॅप्टनचाच शब्द खरा मानणाऱ्या जुन्या काळात हे उड्डाण निभावलं नसतं.

सगळ्यांनी बोलायचं आणि कॅप्टनने ऐकायचं, हे शिकवणारं प्रशिक्षण त्यांच्याच कंपनीत का सुरू झालं तेही सांगतो. २८ डिसेंबर १९७८, युनायटेड १७३, पोर्टलंड. चाकांचा बिघाड म्हणून विमान सुमारे तासभर घिरट्या घालत राहिलं. फ्लाइट इंजिनियर इंधनाचे आकडे सांगत होता, पंधरा मिनिटांत फारच कमी उरेल असंही म्हणाला. कॅप्टनचं सगळं लक्ष चाकांत. अखेर एकेक करून इंजिनं बंद पडली. १८९ पैकी १० गेले, त्यात तो इंजिनियरही. १९७९ मध्ये नासाने कार्यशाळा घेतली, १९८१ पासून युनायटेडने वैमानिकांना शिकवायला सुरुवात केली. आधी त्याचं नाव कॉकपिट रिसोर्स मॅनेजमेंट होतं. पुढे कॉकपिट जाऊन क्रू आलं, गॅलीतून ताईंसारख्यांना धरून.


स्पष्टवक्ता

मान्य. हेन्स यांचं माहीत नव्हतं. ठरवणं एकाचं आणि बघणं सगळ्यांचं असं म्हणायचंय तर माझा विरोध नाही.


भूल_देणारी

मी भूलतज्ज्ञ आहे. आमच्याकडे २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट आली, त्यात चीर देण्याआधी टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. सुरुवातीला मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. आता मत बदललंय. ज्या नर्सने सुरुवातीला एकदा तोंड उघडलेलं असतं, तिला तासाभराने "डॉक्टर, एक गॉज कमी भरतोय" म्हणायला तेवढं जड जात नाही. पहिला आवाज फुटलेला असतो.


उजवी_सीट

सगळ्यांचे आभार. भूल_देणारी ताई, तुमचा मुद्दा मी कॉकपिटला लावून बघतोय.

पण एक गोष्ट मला अजून टोचते. आपण इथे सगळे को-पायलटने कसं बोलावं हे ठरवतोय. बोललेलं असूनही काय झालं ते बघा. मंगळूर, २२ मे २०१०. कॅप्टन उड्डाणाचा बराच वेळ झोपलेले, त्यांच्या घोरण्याचा आवाज रेकॉर्डरवर आहे. विमान फार उंच, फार वेगात. को-पायलट तीनदा गो-अराउंड म्हणाला. साधारण ८००० फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ५२०० फूट मागे टाकल्यावर चाकं टेकली. १६६ पैकी १५८ गेले. त्यानंतर दहा वर्षांनी कोझिकोड, ७ ऑगस्ट २०२०. पाऊस, पाठीमागून वारा, तशीच टेबलटॉप, म्हणजे टोकाला खोल उतार असलेली धावपट्टी. को-पायलट गो-अराउंड म्हणाला. विमान तरीही उतरलं, ८८५८ फुटांपैकी जवळजवळ अर्धी धावपट्टी मागे टाकून. २१ गेले, त्यात दोघंही पायलट. चौकशी अहवालाने कॅप्टनवर ठपका ठेवला. को-पायलटने विमान ताब्यात घेतलं नाही हेही त्यात नोंदवलं आणि दोघांच्या अधिकारातली दरी तीव्र असल्याचं लिहिलं.

ही दोन्ही मुलं माझ्यापेक्षा जास्त बोलली. मी "अनस्टेबल" म्हणू शकलो नाही. ते स्वच्छ गो-अराउंड म्हणाले. आणि तेवढ्यानेही झालं नाही.


जुना_कप्तान

उजवी_सीट, याचं उत्तर माझ्याकडच्यांनी, म्हणजे डाव्या सीटने द्यायचं आहे.

अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेने १९९४ मध्ये एक अभ्यास केला. वैमानिकांच्या चुकांमुळे झालेले ३७ मोठे अपघात घेतले. त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त वेळा विमान कॅप्टन चालवत होता. कॅप्टन वाईट चालवतो असा याचा अर्थ नाही. को-पायलट चालवत असला की कॅप्टन त्याची चूक पटकन पकडतो आणि बिनदिक्कत बोलतो. उलट दिशेने ते घडत नाही. हे समजल्यावर काही कंपन्यांनी फार शहाणपणाची पद्धत ठेवली : हवामान खराब असेल तेव्हा खाली आणण्याचं काम को-पायलटने करायचं, कॅप्टनने नुसतं बघायचं आणि धावपट्टी दिसली तरच उतरवायला हातात घ्यायचं. धावपट्टी दिसली नाही तर को-पायलट आपोआपच वर नेतो. धाडस करायची पाळीच कोणावर येत नाही.

गो-अराउंडबद्दल मी एकच नियम पाळला. उतरायला दोघांचं हो लागतं, वर जायला एकाचं पुरे. उजवीकडून तो शब्द आला की माझा हात आधी थ्रॉटलवर गेला पाहिजे, कारण नंतर विचारायचं. त्याचं चुकलं असेल तर दहा मिनिटं आणि थोडं इंधन जाईल. तेवढं जाऊ द्यावं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात आज हेच लिहिलेलं आहे, गो-अराउंड केल्याबद्दल जाब विचारू नये असंही लिहिलेलं आहे. पण को-पायलट पुस्तक वाचून बोलत नाही. तो सकाळी कॅप्टनने "गुड मॉर्निंग"ला कसं उत्तर दिलं त्यावरून ठरवतो.

म्हणून मी उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये दर वेळी एक वाक्य म्हणायचो, "आज माझी एक तरी चूक होणार आहे, ती तुला सापडली पाहिजे." आणि ती सापडली, कितीही बारीक असली, तरी लगेच "थँक यू" म्हणून दुरुस्त करायचो. टॅक्सी करतानाची छोटी चूक असेल तर फारच उत्तम. पहिला आवाज जमिनीवर फुटला की वर कष्ट पडत नाहीत. दुसरं, काही ठरवायचं असलं की आधी त्याला विचारायचं आणि मग आपलं मत सांगायचं. मी आधी बोललो की त्याचं मत माझ्या मतासारखं व्हायला एक सेकंदही लागत नाही. हे मला फार उशिरा कळलं. पहिली कितीतरी वर्षं मी आधी बोलायचो आणि शेवटी "बरोबर ना?" विचारायचो. त्यावर "बरोबर, सर" याशिवाय कोण काय म्हणणार?

एक विचारू? त्या कॅप्टनबरोबर तुमचं परत उड्डाण झालं का?


गॅलीतून

"बरोबर ना?" हे आमच्या सिनियरनाही वाचून दाखवणार आहे.


उजवी_सीट

@जुना_कप्तान, झालं. आठ महिन्यांनी.

मधल्या काळात विमानाच्या डेटावरून त्या रात्रीचं सगळं समोर आलंच होतं. सेफ्टीवाल्यांनी आम्हा दोघांना एकत्र बसवून आलेख दाखवले. १००० फुटांपासून धावपट्टीपर्यंत पंचावन्न सेकंदांच्या आसपास. पंचावन्न सेकंद म्हणजे खूप वेळ असतो, हे मला त्या खोलीत कळलं. कॅप्टननी आलेख दोनदा बघितला आणि म्हणाले, "याने स्पीड सांगितला होता, माझ्याच डोक्यात गेला नाही, तसं लिहा."

पुन्हा एकत्र आलो तेव्हा त्यांनी ब्रीफिंग नेहमीसारखंच केलं. धावपट्टी, हवामान, इंधन, इंजिन गेलं तर काय. मग टॅब बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आणि हे बघ, मी उत्तर दिलं नाही तर मला ऐकू आलेलं नाही असं समज. दुसऱ्यांदा नुसतं बोलू नकोस. खांद्यावर हात ठेव आणि मग बोल."

त्या दिवशी तिसऱ्या उड्डाणाला उतरताना १००० फुटांवर वेग १२ नॉट जास्त होता. "कॅप्टन, अनस्टेबल, गो-अराउंड." मी हात उचलला होता, पण तो त्यांच्या खांद्यापर्यंत पोचायच्या आत थ्रॉटल पुढे गेले होते.